नाक्यावरचा बुलारा

कळंबच्या बाजारात मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, असं पुढं चालतं. महालिंगप्पा मापाड्याचा पोरगा धोंडप्पा आकडे शिकला ते असे, बापाच्या मांडीशी बसून. आणि शिकल्यावर ते ज्वारीला लावायचे सोडून त्यानं पाखरांना लावले. आडतीपुढं सांडलेल्या दाण्यांवर होले उतरायचे, ते हाकलायला बापानं त्याला बसवलं होतं. हा बसून मोजायचा. लाभ होला, दोन होले, तीन होले. संध्याकाळी बापानं विचारलं, "हाकलली का न्हाय पाखरं?" तर पोरगं म्हणालं, "सकाळपरीस चार जास्तच आली." बापानं एक ठेवून दिली. पोरगं रडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला बसलं.

घर लिंगायताचं, कांदा-लसणाच्या पुढं काही न शिजणारं. त्यामुळं पाखरू म्हणजे खायची वस्तू हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पाखरू बघायचं, ऐकायचं, आणि गेल्या साली किती होती, औंदा किती आली, याचा मनाशी मेळ घालत बसायचं. अशा माणसाला गाव अर्धवट म्हणतं. तसं ते म्हणायचंही. पण उर्दूची चार बुकं झाली होती, आडत्याची ओळख होती, तेवढ्यावर त्याला निजाम सरकारच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात, शिपायाची जागा मिळाली. नाका होता येरमाळ्याच्या पुढं, बार्शीच्या रस्त्यावर. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि रस्त्यावर आडवा बांबू. शंभर पावलांवर ओढा. ओढ्याच्या अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज.

या बांबूखालून जे जाईल त्याला जकात होती. गूळ, कापूस, तांब्याची घागर, लेकीला घेतलेलं नवं लुगडंसुद्धा मुहरीर उलगडून बघायचा. मुहरीर म्हणजे नाक्याचा कारकून, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्या वर डोळे. त्याच्या नजरेतून सुई सुटायची नाही. पण रोज सकाळी तित्तरांचा एक थवा बांबूखालून तुरुतुरु इंग्रजांच्या मुलखात जायचा आणि पोट भरून परत यायचा, त्याला कोण काय विचारणार? धोंडप्पा खाकी कपड्यात उभा राहून आतल्या आत हसायचा. सरकारी नोकरीतलं हे एवढंच त्याला मनापासून आवडायचं.

तित्तर दिसायला काही मोठं देखणं पाखरू नव्हे. बुटकं, मातकट, ढेकळात बसलं तर ढेकूळच. पण त्याचा आवाज माळावर अर्धा कोस जातो. तो आवाज ज्याला जसा पाहिजे तसा ऐकू येतो. कुणी म्हणतं 'सुभान तेरी कुदरत' म्हणतोय, वाण्याला ऐकू येतं 'लसूण, तेल, अदरक'. धोंडप्पाची बायको इरम्मा म्हणायची, तो नुसता 'कुठं गेलता, कुठं गेलता' म्हणून विचारतोय. धोंडप्पाला यातलं काहीच ऐकू यायचं नाही, त्याला तित्तरच ऐकू यायचा. दोन्ही हात तोंडाशी धरून तो उत्तर द्यायचा. असं उत्तर की झुडपातला नर मान ताठ करून, कोण हा माझ्या हद्दीत आलाय म्हणून भांडायला धावत यायचा. येऊन बघतो तर तित्तर नाहीच, खाकीतला एक बारका माणूस उकिडवा बसलेला. नर त्याच्याकडं एका डोळ्यानं बघायचा, मग दुसऱ्या डोळ्यानं, आणि निघून जायचा. पुढं पुढं तर त्यांची भीडच चेपली, पायाशी येऊन माती उकरायचे. लेकरूबाळ नव्हतं. इरम्मा म्हणायची, "माझ्याशी दोन शब्द बोलत न्हाईत, आन् तित्तराशी सकाळधरून चालूच." बोलणं रागाचं असलं तरी ती स्वतः भाकरीचा चुरा ओच्यात घेऊन ओढ्यावर जायची.

इरम्माचा धाकटा भाऊ शिवप्पा बार्शीला सरकीच्या कारखान्यात होता. सुटीला आला की दाजींच्या मागं लागून तो तित्तर शिकायचा. सगळं जमायचं, पण शेवटचा सूर काही केल्या जमायचा नाही, घसरून खाली यायचा. धोंडप्पा पोट धरून हसायचा आणि म्हणायचा, "तुझ्या तित्तराला पडसं झालंय बघ."

हे सगळं बरं चाललं होतं. मग सत्तेचाळीस साल आलं. ओढ्यापलीकडचा इंग्रज गेला, तिकडं नवं निशाण लागलं, आणि अलीकडं हुकूम आला की आपलं राज्य वेगळं आहे आणि वेगळंच राहणार. कालपर्यंत जो ओढा बायकांनी पाटी डोक्यावर घेऊन ओलांडला, तो एकदम सरहद्द झाला. तिकडं बार्शीच्या बाजूला निजामाविरुद्ध उठलेल्या पोरांच्या छावण्या पडल्या, इकडं नाक्यावर बंदूकवाले जवान आले. शिवप्पा कारखाना सोडून छावणीत गेल्याचा निरोप कुणीतरी गुळाच्या गाडीवरून आणला. इरम्मानं तो ऐकला आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं. त्या दिवसापासून या घरात शिवप्पाचं नाव निघालं नाही. नाक्यावरच्या शिपायाचा सख्खा मेव्हणा छावणीत आहे, हे कळलं असतं तर दोघांना कुठं नेलं असतं आणि परत आणलं असतं की नाही, हे सांगायला जोशी नको होता.

नवा दारोगा बिदरकडचा. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तो वाईट असता तर धोंडप्पाला पुढचं सगळं सोपं गेलं असतं. पोटभर हसायचा, शिपायाला शिवी द्यायचा नाही, इरम्माला बहन म्हणायचा. घर लांब, बायकामुलं लांब, आणि करायला काम नाही, कारण भीतीनं मालाची ये-जाच बंद पडली होती. बंदूक असलेला आणि काम नसलेला माणूस माळावर काय करणार? आधी ससे गेले. मग मोर गेले. मग दारोग्याला कळलं की इथं तित्तर आहेत. त्यातच त्यानं सरहद्दीवरचं कुणी दिसावं म्हणून ओढ्याच्या अलीकडची बोरी-बाभळीची झुडपं तोडून घेतली. फासेपारधी पिढ्यान् पिढ्या इथं फासे लावत आले, पण अंड्यांच्या दिवसांत ते जोडी सोडून द्यायचे. बंदुकीला असली काही रीत ठाऊक नव्हती.

धोंडप्पा रोज मोजायचा. दिवाळीच्या आत थवा निम्म्यावर आला. मार्गशीर्षात एक जोडी उरली, मग एकटा नर. तो नर चार दिवस सकाळी बोलला. धोंडप्पानं उत्तर दिलं नाही, कारण पाठीमागं लिंबाखाली जवान बसले होते. पाचव्या दिवशी नर बोलला नाही. लाभ म्हणायलाही काही राहिलं नाही. त्या रात्री इरम्मानं ताट वाढलं तसंच झाकून ठेवलं. माणूस गेल्यासारखं वाटत होतं त्याला, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. रोज माणसं मरताहेत आणि हा तित्तरासाठी जेवत नाही, असं ऐकून कुणीही हसलं असतं.

पौषातली गोष्ट. दिवस कलायला आला होता, धोंडप्पा बांबूला टेकून उभा होता, आणि ओढ्यातून तित्तर बोलला.

त्याचा आधी कानावर विश्वास बसेना. पुन्हा बोलला. वाऱ्यावर शेवट विरून गेला, पण होता तित्तरच. आता बघा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता. पण आनंद झाला की माणसाचा शहाणपणा पहिला जातो. दारोगा आतल्या खोलीत नमाज आटोपून नुकताच बाहेर येत होता, त्याला समोर बघून धोंडप्पाच्या तोंडून गेलंच, "सरकार, तित्तर आला. परत आला तित्तर."

बोलून गेला आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण काय केलं. दारोगा तोंडभर हसला, "हौ? वाह रे मेरे शेर," म्हणाला आणि आत वळून बंदूक घेऊन आला. मुहरिराला म्हणाला, "कांदे काटके रखो, मुहरीरसाब." मग धोंडप्पाच्या पाठीवर हात ठेवून, "चल, दिखा."

धोंडप्पा पुढं, दारोगा दहा पावलं मागं, आणि त्याच्या मागं गंमत बघायला मुहरीर. धोंडप्पाच्या मनात एकच होतं की कसंही करून त्या पाखराला उडवून लावायचं. जवळ जाऊन मोठ्यानं खोकायचं, दगडाला ठेच लागल्याचं सोंग करायचं. ओढ्याच्या काठावर आल्यावर दारोगा खालच्या आवाजात म्हणाला, "बुला." म्हणजे बोलाव. धोंडप्पानं हात तोंडाशी धरले आणि मुद्दाम अर्धवट साद घातली.

समोरच्या काठाच्या कपारीतून उत्तर आलं. अगदी जवळून. सगळं बरोबर होतं, फक्त शेवटचा सूर घसरून खाली आला.

पडसं झालेला असा तित्तर या जगात एकच होता. शिवप्पा कपारीत बसला होता, आणि एकटा असेल असं नाही. दाजींनी ओळखावं, एकट्यानं यावं म्हणून त्यानं साद घातली होती. आणि दाजी बंदूक घेऊन आले होते. दारोग्यानं दोन पावलं पुढं येऊन नळी त्या कपारीकडं धरली. हे पाखरू आहे म्हटलं तर गोळी सुटते. पाखरू नाही म्हटलं तर मग कोण आहे?

अशा वेळी माणूस विचार करत नाही. विचार मागाहून येतो, आयुष्यभर येत राहतो. धोंडप्पा वळला, नळीच्या समोर आला आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, माफी करा. तित्तर न्हाय त्यो. म्याच बोललो."

"तू?"

"मगाशी बी म्याच. लई दिवस झालं, एक बी ऐकला न्हाय. मन राहीना म्हणून बोललो, आन् तुमास्नी खोटं सांगितलं."

"और ये जवाब किसका था?" दारोग्याची नळी अजून खाली आली नव्हती.

"समोरचा काठ आवाज परत देतोय, सरकार. हात असं वळवून धरलं की आवाज तिकडून आल्यावानी वाटतोय. बघा." आणि दारोग्याला काही विचारायला वेळ न देता त्यानं तळहात आडवे धरून कपारीवर साद फेकली. तीन वेळा. तिन्ही वेळा शेवटचा सूर मुद्दाम घसरू दिला. आवाज खडकावर आपटून खरोखरच परत आल्यासारखा वाटला, आणि कपारीतल्यानं शहाणपणा केला, तो गप्प राहिला.

दारोगा बंदूक खाली करून इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, तू तो पक्का बुलारा है रे."

बुलारा म्हणजे बोलावणारा. शिकारी लोक एक तित्तर पिंजऱ्यात पाळतात, पिंजरा झुडपात ठेवतात. तो आत बसून बोलतो, त्याच्या आवाजाला भुलून रानातले येतात आणि जाळ्यात सापडतात. त्या पिंजऱ्यातल्या तित्तराला बुलारा म्हणतात. दारोग्याला ही कल्पना तिथंच सुचली. म्हणाला, इकडचे संपले तर काय झालं, ओढ्यापलीकडं तर भरपूर आहेत. तिकडं आपल्याला जाता येत नाही. पण त्यांना इकडं यायला कुणी अडवलंय? उद्यापासून रोज शामको इथं बसायचं आणि बोलवायचं.

धोंडप्पा काही म्हणणार तेवढ्यात मागून मुहरीर म्हणाला, "साहेब, मला मेल्याला दोन आवाज ऐकू आल्यागत वाटलं. एक ह्याचा, एक दुसराच." चष्म्याच्या वरून तो धोंडप्पाकडं बघत होता. "रोज ऐकू म्हणजे कान पक्का होईल."

झालं. दार लागलं ते असं लागलं, आणि कडी धोंडप्पानं आपल्याच हातानं घातली होती.

दुसऱ्या दिवशी तो ओढ्यावर बसला. दारोगा मागं, तोडताना राहिलेल्या एका बाभळीच्या बुंध्याआड. धोंडप्पानं साद घातली, आणि पलीकडच्या करडीच्या शेतातून एक नर मान ताठ करून धावत आला, जसे ते नेहमी यायचे. ओढा ओलांडून आला. धोंडप्पापासून चार हातांवर थांबून त्यानं एका डोळ्यानं बघितलं. दुसऱ्या डोळ्यानं बघायला मान वळवली तेव्हा बार झाला.

दारोग्यानं पाठ थोपटली. इरम्मानं त्या दिवशी नवऱ्याचे कपडे दोनदा धुतले. तरी त्याला वास येतच राहिला. म्हणाली, "उद्या जाऊ नगा. ताप आलाय म्हणा."

"आन् परवा?"

"परवाबी ताप."

"मुहरीर म्हणंल, ह्याचा ताप उतरंपातूर मी जातो वड्यावर. बसंल तिथं जाऊन. त्या वाटंनं अजून माणसं जात्यात, इरम्मा. तुझा भाऊ जातोय." तिलाही ठाऊक होतं की कळंब, वाशी, तेरखेड्याकडून जी माणसं लेकराबाळांसकट बार्शीकडं पळत होती, त्यातली बरीच त्या ओढ्यातून पहाटे उतरत होती. मुहरिराचे डोळे तिथं बसले असते तर ती वाट संपली असती. नवरा रोज तिथं बसून तित्तर बोलत होता, तोवर सगळ्यांच्या लेखी ओढ्यात दुसरं काही नव्हतं.

पंधरवड्यात त्यानं किती बोलावले ते तो मोजायचा. नको वाटलं तरी आकडा आपोआप पुढं सरकायचा, लहानपणची सवय. एकदा धीर करून त्यानं दारोग्याकडं बदली मागितली. दारोग्याला खरंच वाईट वाटलं. "तेरे बगैर यां कौन है मेरेकू?" म्हणाला. आणि कोपऱ्यातून मुहरिरानं मान वर न करता विचारलं, "बदली कामून पाह्यजे? आवाज तुझाच हाय न्हवं?" धोंडप्पानं बदलीचं नाव टाकलं. इरम्माला माहेरी पाठवावं तर माहेर बार्शीचं. दिवसभराच्या चालीवर तिचं घर होतं, आणि तिथं जायला मधे बांबू होता.

मग त्यानं वाईट बोलायचा प्रयत्न केला. आवाज चिरका काढला, सूर मोडले. दारोगा म्हणायचा, "आज गला बैठ गया क्या?" पण फाल्गुन लागला होता, नर पेटलेले होते. त्यांना बोलणारा कसा बोलतो याच्याशी कर्तव्य नव्हतं, आपल्या हद्दीत कुणी बोलतोय एवढं त्यांना पुरे होतं. चिरक्या आवाजालाही ते धावत आले. धोंडप्पाला वाटलं, लेकाच्यांनो, इतके कसे रे तुम्ही भोळे? आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हे भोळे नव्हते. आवाजाचं काही नव्हतंच. ओढ्यावर हात तोंडाशी धरून बसलेला तो बारका माणूस काही करत नाही, हे त्यांना वर्षानुवर्षं त्यानंच शिकवलं होतं. पलीकडच्या शेतातले हे तेच होते, किंवा त्यांची पोरं.

जे शिकवलं ते मोडायला पाहिजे होतं. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला, आणि पहाटे तांब्या घेऊन परसाकडं जातो म्हणून ओढ्यावर गेला. जाताना त्यानं खिशात गोटे भरले.

पाखरांना हाकलत नाही म्हणून ज्यानं बापाचा मार खाल्ला, त्या माणसानं तांबडं फुटताना साद घातली. चांगली घातली, पूर्वीसारखी. नर आला, मागून मादी आली. पायाशी येऊन माती उकरू लागली. धोंडप्पानं गोटा उचलला आणि हात खाली आला. पुन्हा उचलला. शेवटी डोळे मिटून फेकला. मिटायला नको होते. नेम जमिनीचा होता, लागला मादीच्या पायाला. ती एका पायावर उडत फडफडत ओढ्यापलीकडं गेली. धोंडप्पा तिथंच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मग तोंड धुऊन, रिकामा तांब्या घेऊन परत आला. मुहरिरानं विचारलं, "लई येळ लावला?" तर म्हणाला, "पोट बिघडलंय."

पोट बिघडल्याचं ते निमित्त महिनाभर चाललं. जवान त्याची चेष्टा करायचे, दारोग्यानं ओवा दिला. रोज पहाटे तो साद घालायचा, पाखरू आलं की डोळे उघडे ठेवून त्याच्या शेजारी गोटा मारायचा, दबक्या आवाजात हाकारायचा, हात नाचवत मागं धावायचा. आणि रोज संध्याकाळी तीच साद दारोग्यासाठी घालायचा. पहाटे आपण गोटे मारायचे आणि संध्याकाळी तीच पाखरं आपल्या आवाजावर येऊन बंदुकीनं मरायची, असेही दिवस गेले. कोण आधी शिकतंय आणि कोण आधी संपतंय अशीच ती शर्यत होती. इरम्मा एका पहाटे मागोमाग आली होती. नवरा वेड्यासारखा पाखरांमागं दगड घेऊन धावतोय, हे तिनं लांबून बघितलं आणि परत गेली. त्या दिवसापासून ती ओच्यात गोटे वेचून आणायची आणि त्याच्या उशाशी ठेवायची.

चैत्राच्या सुमाराला एका संध्याकाळी धोंडप्पानं साद घातली आणि पलीकडचा नर, जो आधीच बोलत होता, तो बोलता बोलता थांबला. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आवाज अगदी खरा होता, दारोग्यालाही त्यात खोट काढता येईना. वैशाखापर्यंत तर असं झालं की धोंडप्पानं तोंड उघडलं की अख्खं शिवार चिडीचूप व्हायचं. दारोगा आठ दिवस बाभळीला टेकून बसला, मग कंटाळला. "तेरी जुबानको नजर लग गई," म्हणाला आणि पुढं मुकाट्यानं कोंबड्या विकत आणायला लागला. मुहरिराचाही कान एव्हाना पक्का झाला होता. इतके दिवस ऐकून त्याची खात्रीच पटली की त्या दिवशीचे दोन्ही आवाज याच गड्याचे. तो पुन्हा आपल्या चष्म्याखालच्या कामाकडं वळला. वाट राहिली.

भाद्रपदात लष्कराच्या गाड्या बार्शीच्या बाजूनं आल्या. पाच दिवसांत राज्य संपलं. दारोगा गाड्या यायच्या आदल्याच रात्री बंदूक खोलीत ठेवून, इरम्माला "बहन, दुआ करो" म्हणून पायी निघून गेला होता. पुढं त्याचं काय झालं कळलं नाही. बांबू कुणीतरी जळणाला नेला.

शिवप्पा आला तो दाढी वाढवून, गळ्यात हार घालून. जेवताना म्हणाला, "दाजी, त्या दिशी तुमी बंदूकवाला संगं आणला. आमी तिघं व्हतो कपारीत. छावणीत समदी म्हणली, तुझा दाजी फिरला." इरम्मानं ताटात भाकरी टाकत सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. शिवप्पानं हातातला घास ताटात ठेवला. उठून त्यानं दाजींचे पाय धरले. पण त्यानं एकट्यानं धरून काय होतं? रस्त्यावरच्या गावांनी दारोग्यासाठी ओढ्यावर बसून तित्तर बोलावणारा शिपाई चार महिने बघितला होता. त्यांनी नाव ठेवलं ते ठेवलं. बुलारा चालला, बुलारा आला. म्हातारा होईपर्यंत ते नाव सुटलं नाही आणि धोंडप्पानं कधी त्यावर तोंड वाजवलं नाही.

पुढच्या साली चांगला पाऊस झाला. तोडलेली झुडपं पुन्हा फुटली, ओढ्याच्या दोन्ही अंगांना माणूसभर गवत वाढलं. कुणी बंदूकवाला नव्हता. थंडी पडली तशी तित्तर बोलायला लागले, पलीकडून आणि मग अलीकडूनही. नाका मोडला होता तरी नवं सरकार काहीतरी जागा देईल म्हणून दोघं अजून त्याच खोल्यांत राहत होती. इरम्मा एका सकाळी म्हणाली, "चला की वड्यावर. आता कोण बघतंय?"

दोघं काठावर जाऊन बसली. उन्हं नुकती गवतावर आली होती. समोर एक नर बोलत होता, डावीकडं दुसरा त्याला उत्तर देत होता, लांब पांदीकडं तिसरा. इतके की धोंडप्पाला मोजायचंही भान राहिलं नाही. इरम्मानं कोपरानं ढोसलं. त्यानं हात तोंडाशी नेले. दोन वर्षांनी पहिल्यांदा ती साद तो कुणाच्या हुकमाशिवाय आणि खिशात गोटे नसताना घालत होता, आणि ती उतरलीही अशी की पूर्वी कधी उतरली नसेल.

समोरचा गप्प झाला. डावीकडचा गप्प झाला. पांदीकडचाही थांबला. गवतावरून वारा गेला तेवढाच आवाज. धोंडप्पा हात तसेच धरून बसला होता.

इरम्मा हळूच म्हणाली, "परत एकदा बोला. वळखतील."

"वळखलंय त्यांनी," धोंडप्पा म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. दोघं रस्त्याला लागली, नाक्याच्या लिंबापर्यंत आली, तेव्हा मागं ओढ्यात तित्तर पुन्हा बोलायला लागले.